मुंजाचा पालनकर्ता

“नाव काय, वय काय, वारस कोण?” आमचे तलाठी कुणालाही आधी हेच विचारत. एकदा पाण्याचा तांब्या देणाऱ्या बाईलाही विचारलं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पोखर्णीहून सायकलवर यायचे. नामांतरावरून बंद असला, एसटी उभी असली, तरी यायचे. मागं लाल फडक्यातलं दप्तर, खिशात पेरू. अक्षर मात्र असं, की चौथी शिकलेल्या मलाही वाचता येई.

नवरा गेल्यावर चार गुंठे जागा माझ्या वाट्याला आली, पिंपळासकट. तोवर दोन लेकरं घेऊन मी दिराच्या ओसरीवर होते. घर बांधायला काढलं, तर दीर म्हणाला, “वहिनी, ती जागा तुझी न्हाई. पिंपळावर मुंजा हाय. त्याची हाय.”

मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या पोराचं भूत. गवंड्यानं ऐकलं आणि थापी पिशवीत टाकली. भीत तर मीही होते. पण दिराच्या ओसरीची भीती जास्त होती. तलाठ्यांना अर्ज दिला.

ते आले, पिंपळाखाली दप्तर सोडून बसले. गाव जमलं.

“कब्जा कुणाचा?”

“मुंजाचा,” दीर म्हणाला.

“वय काय?”

दीर म्हाताऱ्यांकडं बघू लागला. मागून एक म्हातारा बोलला, “आठ वर्साचं पोरगं म्हनत्यात.”

“मंग अज्ञान हाय, अठराच्या आतलं. अज्ञानाच्या नावाखाली अ.पा.क. लिहावं लागतं, अज्ञान पालन कर्ता. कोण हाय ह्याचा?”

दिराला वाटलं, जागा हातात आली. “मी! लिवा माझं नाव.”

तलाठ्यांनी पेनाचं टोपण काढलं. “भाऊ, इचार करून सांगा. पालनकर्त्याला पोर घरी नेऊन सांभाळावं लागतं. लिहू?”

बायकांतून माझी जाऊ ओरडली, “आवं, गप बसा की! घरात तीन लग्नाच्या पोरी हायत, अन् बिनलग्नाचं भूत आनताव व्हय?”

गाव खदखदून हसलं. दीर घाम पुसत म्हणाला, “मुंजा-बिंजा काई न्हाई तिथं.”

“तसा जबाब द्या.” ‘पिंपळावर मुंजा नाही, असल्यास माझा संबंध नाही,’ असं लिहून त्यांनी दिराची सही घेतली. गवंड्यानं तिथंच पायाची दोरी ताणली.

मी हळूच विचारलं, “साहेब, खरंच असला तर?”

“असला तर वर हाय, बाई. सातबारा खालच्या जमिनीचा असतो.”

दार बसायच्या आत त्यांची बदली राणीसावरगावकडं झाली. पुन्हा भेट नाही. पुढं कधीतरी ते वारल्याचं कळलं. मी रडले नाही, मला ते जमत नाही.

मला आठवतात ते त्या दिवशीचे. सगळे पांगल्यावर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पिंपळाला चोरून हात जोडले आणि सायकल अशी हाणली, की पायजमा चेनीत अडकून फाटला तरी थांबले नाहीत.