इवाईंच्या मशीनचा ब्रेक

आमच्या इवाईंच्या हातून, म्हणजे माझ्या लेकीच्या सासऱ्यांच्या हातून, उभ्या जन्मात एकही चूक झाली नाही. हे मी नाही, ते स्वतः सांगायचे. एकदा गोरेगावला लग्नाला गेले आणि भलत्याच मांडवात आहेर करून, पोटभर जेवून आले. चूक कोणाची? तर गल्ली सोडून मांडव टाकणाऱ्यांची. त्यांच्या घड्याळाशी रेडिओ जुळला नाही, तर बातम्या उशिरा लागल्या. मी पडलो मुलीचा बाप. मान डोलावण्यापलीकडे मला काम नव्हतं.

नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी नांदेडहून लाकूड कापायचं विजेवरचं मशीन कळमनुरीला आणलं आणि दिसेल त्याला चौरंग करून देऊ लागले. आमच्या घरात देव कमी आणि चौरंग जास्त झाले. त्यांना खरं कौतुक होतं ते मशीनच्या ब्रेकचं. बटन सोडलं की फिरतं पातं जागच्या जागी थांबायचं. पाहुणा चहाला टेकला की त्याला अंगणात नेऊन दाखवायचेच. बटन सोडल्याबरोबर कापलेला तुकडा उचलायला त्यांचा डावा हात थेट पात्याखाली जायचा. बघणारा दोन पावलं मागे सरकायचा आणि हे म्हणायचे, "काहून भेता? ब्रेक हाय ना."

एका दिवाळीत मी गेलो, तर तो ब्रेक ढिला पडलेला. बटन सोडलं तरी पातं आपलं सावकाश फिरत राहायचं. इवाईंचं निदान तयार होतं: कळमनुरीचा करंट कमी. मग त्यांनी पातं बदललं, नट आवळला, शेवटी लाकडालाही शिव्या घातल्या. माझं जवळा बाजारला मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या पंपांना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. मी भीत भीत म्हणालो, आतले कार्बन बघू या का? कार्बन म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून करंट पोचवणारे दोन काळे तुकडे. ते अडकले की असला विजेवरचा ब्रेक धरत नाही. इवाई म्हणाले, नव्या मशीनच्या कार्बनला काही होत नसतं. झालं, मी मान डोलावली. पण माझा सगळा जीव त्यांच्या हाताकडे. ब्रेक बिघडला होता, हाताची सवय बिघडली नव्हती. दर कापाला तो हात निघायचा, अर्ध्यात त्यांना आठवायचं आणि थांबायचा.

एकदा आठवलं नाही. वीजवाल्यांना नावं ठेवता ठेवता त्यांनी बटन सोडलं आणि हात सरळ फिरत्या पात्याकडे निघाला.

"हात काढ बे!"

हे मी ओरडलो. मुलीचा बाप, इवाईला, एकेरीवर, आणि वर 'बे'. हात मागे आला, बोटं शाबूत होती. पातं अजून घरघरत होतं. आत पोळ्या लाटणाऱ्या माझ्या लेकीला ह्यापायी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, हे मग माझ्या ध्यानात आलं. इवाई आपल्या बोटांकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "कार्बन बघा."

प्लग काढून उघडलं, तर दोन्ही कार्बन तिळाचं तेल, हळदकुंकू आणि भुशाच्या लगद्यात रुतलेले. खंडेनवमीला मशीनची पूजा कोणी केली, हे विचारायची गरजच नव्हती. इनबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. नवऱ्याच्या हाताला यंत्रानं जपावं म्हणून त्या माउलीनं मशीनच्या जाळीतून आत तेल सोडलं होतं, आणि आता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तोंड उघडायच्या आत इवाई म्हणाले, "तेल मी वतलं. चुकलं माझं."

हा शब्द त्या घरात पहिल्यांदा ऐकला, असं लेक नंतर सांगत होती. माझ्या 'बे'चा विषय कुणी काढलाच नाही. आम्ही पेट्रोलनं सगळं पुसलं, कार्बन मोकळे केले, पातं पुन्हा जागच्या जागी थांबायला लागलं. पुढे दरवर्षी खंडेनवमीच्या सकाळी इवाई गुपचूप कार्बन काढून खिशात टाकायचे. इनबाई मनसोक्त तेल सोडायच्या. दसरा झाला की हा गृहस्थ पेट्रोलचं फडकं घेऊन बसायचा, आणि दोघांपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढायचं नाही.

इवाई गेले त्या वर्षी मी आपण होऊन खंडेनवमीला कळमनुरीला गेलो आणि मशीनपाशी बसलो. कार्बन काढतच होतो, तेवढ्यात इनबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. माझ्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

"राहू द्या, दादा," त्या म्हणाल्या. "आता काढून काय करता? चालवणारं कोण हाय?"