दोन गोण्या भिजल्या

माझं जेवढं लेखन छापून आलं, त्याच्यापेक्षा त्याच्यावरची टीका जास्त झाली. हे कसं शक्य आहे, असं लोक विचारतात. अगदी शक्य आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या काळी लेखन छापण्याआधीच नापसंत करायची सोय होती आणि त्यासाठी चांगली शिकलेली, इस्त्रीच्या कोटातली माणसं होती. त्यांना पगार नव्हता. बिनपगारी माणूस काम फार मन लावून करतो, त्यामुळे मी त्यांच्या हातून कधी सुटलो नाही.

तरुणपणी टीकेचा एक शब्द कानावर पडला की माझं रक्त एवढं उकळायचं, की घरच्यांनी त्यावर चहा ठेवावा. आता तोच शब्द ऐकला की जांभई येते. ही जांभई पहिल्यांदा आली त्या दोन दिवसांची ही हकीकत आहे.

घराणं आमचं कचेरीतलं. आजा कारकून, बाप कारकून, चुलते कारकून. आमच्याकडे मूल रडलं तरी अर्ज केल्यासारखं रडे. मी तेवढा बिघडलो आणि महागावच्या बाजूला एका तांड्यावर शाळामास्तर झालो. तांड्यातल्या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता त्यांची शेतं होती, ज्वारी-कापूस होता, बैल गोठ्यात होते. फिरायचं काम फक्त गोष्टींकडे राहिलं होतं.

गोष्ट सांगायची तिथली रीत मला फार आवडे. सांगणाऱ्याच्या समोर एक जण बसतो आणि प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणतो. त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार आला की पुढचं वाक्य. नाही आला, तर सांगणाऱ्यानं मागं यायचं आणि तेच वाक्य पुन्हा, नीट सांगायचं. हुंकाराशिवाय पुढं रेटलं तर तो माणूस भिंतीशी बोलतो असं समजतात आणि ऐकणारे उठून जातात.

आमच्या तांड्यावर हुंकार द्यायचा मान एका म्हाताऱ्याचा होता. नात्यानं तो तांड्याच्या नायकाचा चुलता, म्हणून सगळे त्याला काका म्हणत, मीही म्हणे. काका फार सज्जन होता असं मी म्हणणार नाही. तंबाखू दुसऱ्याची खायचा आणि चुना कमी आहे म्हणून तक्रार करायचा. पण त्याचा ‘हूं’ म्हणजे असा, की बंद पडलेली मोटार त्यावर चालू व्हावी. मी शाळा सुटल्यावर पारावर बसून माझ्या गोष्टी आधी त्याला सांगे आणि मग घरी जाऊन लिही. चार वर्षांत पुस्तकाएवढा गठ्ठा झाला.

पुस्तक व्हायला मात्र दुसऱ्या माणसाचं ‘हूं’ लागत होतं. तो यवतमाळला होता. वकील, तिथल्या साहित्य मंडळाचा अध्यक्ष, आणि पुण्याच्या एका प्रकाशकाचा आमच्या भागातला विश्वासू. वकीलसाहेबांनी चार ओळी लिहून दिल्या तर पुस्तक निघणार, नाही तर गठ्ठ्यावर मांजर बाळंत होणार. छप्पन साली राज्य बदललं तेव्हा आम्ही नागपूरकडची मान मुंबईकडे वळवली होती आणि साठ साली ती नीट बसवून घेतली होती. त्या वळवावळवीत लिहिणाऱ्यांच्या माना सगळ्यात जास्त आखडल्या. आता आपल्याला कोण वाचणार, कोण हसणार, हे कोणालाच समजेना. वकीलसाहेबांना तर रात्रंदिवस पुण्याच्या लोकांचं हसू ऐकू येई.

त्यांनी माझा गठ्ठा वाचला. प्रेमानं वाचला, हे मी नाकारत नाही. प्रत्येक पानाच्या कडेला तांबड्या पेन्सिलीनं ‘अतिशयोक्ती’ असं लिहिलं होतं. शेवटी शेवटी हात दुखला असावा, कारण नुसता ‘अ’ होता.

सगळ्यात मोठा ‘अ’ मिठाच्या गोष्टीवर होता. ही गोष्ट काकाच्या आज्याची. मिठानं लादलेले बैल घेऊन तांडा पैनगंगा उतरत होता, मधेच पूर आला, सगळं मीठ विरघळलं आणि नदी खारट झाली. खालच्या गावांतल्या बायकांनी नदीचं पाणी घालून वरण केलं, त्यात पुन्हा मीठ टाकलं, आणि घरोघर भांडणं झाली. एका सासूनं सुनेला खारट वरणावरून माहेरी धाडलं. माहेरही नदीकाठीच होतं, तिथलंही वरण खारट, म्हणून सुनेच्या बापानं तिच्या आईलाही तिच्या माहेरी धाडलं. अशा बायका नदीकाठानं एकापाठोपाठ माहेरी निघाल्या आणि गावोगावचे पुरुष स्वतः भाकरी थापायला बसले. अशी ती गोष्ट.

वकीलसाहेब म्हणाले, “तुमच्याकडे जोम आहे हो. संयम नाही. नदी खारट होत नसते. इथे असं करा, ‘पुराच्या पाण्यात दोन गोण्या भिजल्या.’ बस. वाचकाला त्यातलं दुःख आपोआप जाणवेल.”

मी तसं केलं. पुस्तक निघत असेल तर माणूस नदीचं पाणी गोड करतो. रविवारी मंडळाच्या सभेत हीच गोष्ट वाचायची, सभासदांना पसंत पडली की त्या चार ओळी लिहून मिळणार, असं ठरलं.

आणि मी काकाला सोबत नेलं. दुसरं काही सुचलंच नाही. गोष्ट सांगायला जायचं आणि हुंकार देणारा न्यायचा नाही, म्हणजे लग्नाला जाऊन नवरदेवाला घरी ठेवायचं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये वकील, मास्तर, कचेरीतले लोक, पोस्टातले दोघं असे बसले होते. काका लाल पागोटं बांधून पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर बसला. ती खुर्ची कोणाची तरी राखलेली होती. त्या गृहस्थांनी काकाकडे पाहिलं, पागोट्याकडे पाहिलं आणि मागं जाऊन बसले.

मी वाचायला लागलो. “त्या वर्षी पैनगंगेला मोठा पूर आला.”

“हूं,” काका म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तांड्याचे बैल पाण्यात उतरले.”

“हूं.”

मागं कोणीतरी खोकलं. मी म्हटलं, आता गाडी रुळाला लागली. पुढचं वाक्य वाचलं. “पुराच्या पाण्यात दोन गोण्या भिजल्या.”

हुंकार आला नाही.

मी थांबलो. मग मागं येऊन तेच वाक्य सावकाश वाचलं. काका माझ्याकडे असा पाहत होता, जसा माणूस वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडे पाहतो. मी तिसऱ्यांदा वाचलं. काका गप्प.

“वाचा, पुढे वाचा,” वकीलसाहेब म्हणाले.

मला वाचता येईना. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती. चार वर्षं त्या म्हाताऱ्याच्या ‘हूं’वर पाय ठेवून मी पुढं गेलो होतो, आता पाय टाकायला जागा नव्हती. हॉलमध्ये एवढी शांतता झाली की बाहेर सायकलच्या चाकातली हवा कमी होताना ऐकू येत होती.

“मास्तर,” काका हळूच म्हणाला, “दोनच?”

“हे गृहस्थ कोण?” वकीलसाहेबांनी मला विचारलं.

“हे माझ्या गोष्टीला हुंकार देतात.”

“त्यांना म्हणावं, आपल्याकडे प्रश्न शेवटी विचारायचे असतात.”

काका उभा राहिला. “म्या कुठं प्रश्न इचारला, साहेब? मी तं गप बसून राह्यलो. पन आमच्या आज्याचे बैल मोजता मोजता दिवस बुडे, आन हे म्हनते दोन गोन्या. दोन गोन्याची गोठ कोनी सांगते काय? दोन गोन्या तं माह्या घरी बी भिजते.”

पोस्टातला एक जण हसला आणि लगेच नाक पुसू लागला.

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, “त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवा. चहा द्या.” ते चिडले नव्हते. सभा कशी चालवायची हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच.

काका निघाला. भांडला नाही; त्याला चहाचं आमिष पुरलं असावं. मी त्याची पाठ पाहिली आणि हातातले कागद घडी करून खिशात ठेवले. कोणाला धडा शिकवायचा विचार मनात नव्हता. मला गोष्ट पुढं न्यायची होती आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

“काका, बसा,” मी म्हटलं. “अख्खं मीठ विरघळलं.”

काका दारातून फिरला. “हूं.”

मग मी तोंडी सांगितलं. नदी खारट केली, सासूला भडकवलं, बायकांना माहेरी धाडलं, पुरुषांना भाकरी थापायला बसवलं. लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्तच झालं. एका तहसीलदाराची भाकरी चौकोनी होते, हे मला तिथं उभ्या उभ्या सुचलं. पोस्टातल्या दोघांनी हुंकार द्यायला सुरुवात केली, मग मास्तरांनी, मग कचेरीवाल्यांनी. शेवटी हॉल ‘हूं’ म्हणत होता आणि छताची कौलं जागेवरून सरकत होती. वकीलसाहेब एवढे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. तो त्यांनी पुसला, पुन्हा घातला आणि समोरच्या कागदावरच्या पेनाला टोपण लावलं.

वकीलसाहेबांनी मला सकाळी घरी बोलावलं होतं, म्हणून मी एसटीच्या थांब्यावर काकाला एकट्यालाच महागावच्या गाडीत बसवायला गेलो. मला वाटलं, आज तरी चांगलं बोलेल.

“बरी झाली,” काका म्हणाला. “पन तुमी खालच्या गावातच थांबले. माहा आजा सांगे तवा नदी समुद्रापरेंत खारट होये. तवापासूनच समुद्र खारट हाये.”

“काका, एवढं कसं लिहू?”

“मंग कायले लिहून राह्यले?” असं म्हणून त्यानं गाडीतल्या शेजाऱ्याकडे तंबाखू मागितली.

तेव्हा मी पहिल्यांदा दमलो. एकाला माझ्या नदीच्या दोन गोण्या करायच्या होत्या, दुसऱ्याला समुद्र हवा होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि मध्ये माझी पाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं पोहे दिले. वकीलसाहेबांच्या समोर माझा गठ्ठा होता आणि त्यावर त्यांच्या हातच्या चार ओळी. फक्त सही व्हायची होती.

“काल मी हसलो,” ते म्हणाले. “बऱ्याच दिवसांनी हसलो. पण मी हसलो म्हणून छापता येत नाही, हे तुम्ही समजून घ्या. मी पुण्याला कितीतरी पत्रं लिहिली, की आमच्याकडेही साहित्य आहे, आम्हालाही तोलून मापून लिहिता येतं. आता तुमचा चौकोनी भाकरीचा तहसीलदार पाठवला तर ते म्हणतील, यांचं अजून एवढंच चाललंय. कागदावर आहे तसं राहू द्या. मी आत्ता सही करतो.”

“दोन गोण्या?”

“दोन गोण्या. अहो, एका वाक्याचा प्रश्न आहे.”

खोटं बोलत नव्हते ते. पुस्तक समोर होतं. माझं नाव असलेलं, बांधलेलं, बापाला दाखवता येईल असं. मी पोह्यातला शेंगदाणा चावत बसलो. हो म्हणायचं ठरवूनच आलो होतो.

“ते पुस्तक आलं की तांड्यावर वाचायला लागेल मला,” मी म्हटलं.

“मग वाचा की. अभिमानानं वाचा.”

“तिथं त्या वाक्याला हुंकार येत नाही. मी त्याच ओळीवर म्हातारा होईन, साहेब. राहू द्या.”

“रागावलात?”

“नाही. दमलो.”

 त्यांनी त्या चार ओळींचा कागद उचलून खणात ठेवला आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. फाटकापर्यंत पोचवायलाही आले. “पुढच्या वेळी काहीतरी गंभीर लिहा,” म्हणाले. मनापासून म्हणाले, म्हणून मीही मनापासून “बघतो” म्हटलं.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक शेतकरी होता, पिशवीत पपया घेऊन. आर्णी येईपर्यंत तो गठ्ठ्याकडे पाहत होता.

“कोर्टाचं काम व्हतं काय?” त्यानं विचारलं.

“हो.”

“लागला निकाल?”

“लागला.”

“कोनाच्या बाजूनं?”

“ते अजून समजलं नाही,” मी म्हटलं, मोठी जांभई दिली आणि डोळे मिटून घेतले.