इंग्रजीचा भोंगा आणि गावाचे तांबे

आता कसं सांगू, अजून डोकं तापतं! साठ-बासष्ट सालची गोष्ट. नंदुरबारजवळच्या एका गावी मी इंग्रजीचा मास्तर. मूळचा नाशिकचा, बिनलग्नाचा आणि कच्च्या नोकरीतला. धुळ्याहून तपासणीला साहेब येणार, वर्ग पाहणार आणि मग मला कायम करणार!

पण वर्गात मुलं नकोत का? मार्गशीर्षात सगळी कापूस वेचायला शेतात! घरोघर हात जोडले. उत्तर एकच. "गुरुजी, तुम्हनं इंग्रजी काय पयी जाई का? कापूस पडी जाई!" म्हणजे इंग्रजी काही पळून जात नाही, कापूस मात्र गळून जातो.

मग मी म्हटलं, थांबा, यंत्रच आणतो! नाशिकच्या मित्राकडून इंग्रजी उच्चारांची तबकडी मागवली. बॅटरी, तबकडी वाजवायचा फोनो आणि भोंगा गावातच मिळाला. तपासणीच्या सकाळी भोंगा लिंबावर बांधला आणि लावली तबकडी. "गुड मॉर्निंग! हाऊ डू यू डू?" पार तापीपर्यंत आवाज!

आणि काय सांगू! अर्ध्या तासात शिवारं ओस. मुलं आली. मागे त्यांचे आईबाप आणि म्हातारेकोतारेही आले. मी म्हटलं, जिंकलो! पण प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या कशाला? आणि पटांगणात रांगा धरून बसले का?

पुढच्या रांगेतल्या रामजीबाबांना विचारलं.

"भोंगा वाजना ना! घरमा चुल्हाबी पेटाडा नही. गुरुजी, नवरी कोठे शे?"

"कुणाची नवरी?"

"तुम्हनी! गावमा दुसरा बिनलग्नाना कोण शे?"

अहो, त्या गावात भोंगा वाजतो तो फक्त लग्नात! वाजला, की सगळ्या गावाला चूलबंद जेवण: घरची चूल पेटवायची नाही, आपापला पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीला यायचं. हे मला कुणी सांगायचं? लग्नसराईत मी सुट्टीला नाशिकला, पण वर्षभर एकानंही सांगू नये? मी ओरडलो, "लग्न नाही! हा इंग्रजीचा तास आहे!" कुणी हललं नाही. लाजतोय म्हणाले!

तेवढ्यात साहेबांची बैलगाडी. नवा कोट, डोक्याला फेटा. माझा सासराच आला समजून "सासरा उना!" म्हणत बायांनी धावत जाऊन कुंकू लावलं. मी म्हटलं, आता गेली नोकरी!

पण साहेब निमूटपणे पंगतीत बसले. मुलांनी भोंग्याबरोबर "हाऊ डू यू डू" घोकून दाखवलं. साहेबांनी मान डोलावली. बारा वाजले, एक वाजला. शेवटी ते हळूच म्हणाले, "गुरुजी, वाढताय ना? भोंगा ऐकूनच मी डबा गाडीवाल्याला देऊन टाकला."

हे साहेबही खानदेशातलेच निघाले हो!

जाताना उपाशीपोटी शेरा लिहिला: 'मुलांना इंग्रजीची गोडी लागली आहे. मात्र शिक्षकाने गाव गोळा करून उपाशी परत पाठवले. कायम करण्यापूर्वी त्यांना आणखी एक वर्ष गावाच्या रीतीभाती शिकू द्याव्यात.'

शिकवायला आलो होतो मी! आणि नापास कोण? मीच! एकटाच!

त्या वर्षात मात्र शिकलो बरं का. भोंगा वाजला, की फळ्यावरचा धडा अर्धा टाकून तांब्या घेऊन पळायचो. पंगतीत पहिला बसणारा मीच असायचो.