पूजाच्या डोहाळजेवणाची लिस्ट

माझ्या सख्ख्या जावेला मी पूजाच्या डोहाळजेवणाला बोलावणार नव्हते.

हे आजवर एकाच माणसाला माहीत होतं. भवानी पेठेतल्या आमच्या शेजारीण मालनताईंना.

त्या आज सकाळी गेल्या.

आमच्या गल्लीत बारसं असो, वाढदिवस असो, गेम्स मालनताईच ठरवायच्या. "जेवण कुणी बी करंल. माणसं हसली पायजेत," असं त्यांचं म्हणणं.

मागच्या वर्षी माझ्या लेकीचं, पूजाचं डोहाळजेवण ठरलं. मी मोबाईलवर शोधून गेम्सची लिस्ट केली आणि ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. फुगे फोडणं खोडलं. "पोटुशी बाई दचकती."

संगीत खुर्ची खोडली. "निम्म्या बायकांचे गुडघे गेल्यात. पडलं कोण तर?"

उशी पास करायचा खेळ तेवढा ठेवला. बसल्या बसल्या होतो. जिच्याकडे उशी थांबेल तिने उखाणा घ्यायचा.

मग विचारलं, "रेखा येणार हाय न्हवं?"

रेखा म्हणजे माझी जाऊ. दिलीपभाऊजींना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मी म्हटलं, "बघू. ओटी भरायचा कार्यक्रम आहे. लोक बोलतात."

"मग मला बी बोलवू नको. आमचे मालक जाऊन बावीस वर्षं झाली की."

खरं सांगते, ते माझ्या लक्षातच नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येक कार्यक्रमात त्या मधोमध बसलेल्या. त्यांच्याकडे त्या नजरेने कधी बघितलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथूनच रेखाला फोन केला. वर शहाणपणा म्हणून मालनताईंना म्हटलं, "उखाणे काढून टाकते. तिला उगाच वाईट वाटायला नको."

"ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मालनताई आमच्याकडे पाठ करून ताट वाजवत होत्या. उशी फिरत होती.

ताट थांबलं. उशी रेखाच्या मांडीवर.

मी मध्ये पडायला उठणारच होते.

मालनताई वळल्या. "घे की गं. माणूस गेला, नाव कुटं गेलंय?"

रेखाने उशी जवळ ओढली. मग हळूच म्हणाली,

"कडक भाकरी, शेंगाचटणी, वाटीभर डाळ,
दिलीपरावांसारखं हसरं होवो पूजाचं बाळ."

आठ महिन्यांत आमच्या घरात भाऊजींचं नाव पहिल्यांदा मोठ्याने निघालं होतं. आम्ही सगळ्या रडलो. पूजाने डोळे पुसले आणि ओटी भरायला सगळ्यांत आधी आपल्या काकूला बोलावलं.

कोणी काही बोललं नाही. मीच उगाच घाबरले होते.

नंतर भांडी आवरताना मी मालनताईंना म्हटलं, "नशीब बघा, उशी नेमकी तिच्याकडेच थांबली."

"नशीब कसलं? समोरच्या कपाटाला आरसा हाय की."

मालनताई, तुम्ही नसता तर मी माझ्याच घरातलं एक माणूस हकनाक लांब केलं असतं.

रेखा सकाळपासून तुमच्या घरी आहे, तुमच्या सुनेजवळ बसलीय. मीही निघतेय.

सावकाश जा, ताई. तुम्हाला मनापासून निरोप.