बाविसाव्या वर्षीचा गव्हर्नर

काका मुंबईत हिंदमाता टॉकीजजवळच्या दुकानात कापड मोजायचे आणि नायगावला आमच्याच चाळीत राहायचे. बोलता बोलता समोरच्याची बाही चिमटीत धरून कापडाचा पोत बघायची त्यांना खोड होती. रद्दीतल्या एका पुस्तकात त्यांना अमेरिकेतल्या मिशिगनच्या तरुण गव्हर्नरची गोष्ट सापडली होती. ती ते भेटेल त्याला ऐकवत.

"बाविसाव्या वर्षी कारभार हातात आला! म्हातारे हसले. पण पठ्ठ्या शेजाऱ्यांशी सीमेवरून भांडला आणि राज्याचा दर्जा मिळवूनच थांबला!"

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला चाळीतून तुकडी निघणार होती. पुढारी त्यांनीच व्हावं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते.

"ही पोरगी?" कोणीतरी हसलं.

"तोही पोरगाच होता," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "नको म्हणू नको गो. तुझी घोषणा चार मजले ऐकू जाते. माझं बोलणं घरात बायकोसुद्धा ऐकत नाही."

मी हसत हसत तयार झाले. तुकडी निघाली आणि नाक्यावर पोलिसांनी अडवलं. इन्स्पेक्टरने काकांचे पांढरे केस पाहून त्यांनाच विचारलं, "काका, मागे फिरता का?"

"मला काय विचारता? पुढारी ह्या आहेत."

"नाही फिरणार," मी म्हणाले.

आम्हाला पोलिसांच्या गाडीपाशी नेलं. पायरीशी ते बाजूला झाले.

"आधी तुम्ही चढा," ते मला म्हणाले.

लहानपणापासून ओळखत होते मला. 'तुम्ही' त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.