ताटात उरलेला भात

कावळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून तिचं एकच चालायचं, ‘का?’ मांजर का झोपलं, दिवा का गेला, शेजारच्या काकू का रडल्या. शेवटी एकदा बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, “ही मुलगी नाही, कावळी आहे. दिवसभर नुसती का-का.” तेव्हापासून घरात ती कावळीच. पुढे ती डॉक्टर झाली, संशोधनाकडे वळली, प्रयोगशाळेच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागली. पण आईचा फोन आला की पलीकडून अजूनही हाक येते, “कावळे, जेवलीस का?”

तिच्याहून मोठी ताई. ताई शाळेत होती तेव्हा तिचं डोकं सारखं दुखू लागलं, फळ्यावरची अक्षरं दिसेनात. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे, गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, नजर वाचली, पोर हाती लागली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. आणि मग ताईला भूक लागायला लागली.

ती भूक आपल्या-तुपल्यासारखी नव्हती. ताटावरून उठल्या उठल्या ताई विचारायची, “आता जेवायला कधी?” पाव संपले की पिठात पाणी कालवून खायची. बघता बघता अंगाने दुप्पट झाली. पाहुणे तोंडावर काही बोलत नसत, पण जिना उतरताना त्यांचं बोलणं कावळीच्या कानावर पडायचंच. “लाडावून ठेवलीय. तोंडाला काही लगाम?” डॉक्टर म्हणाले, कमी खायला द्या. आईने कपाटाला कुलूप लावलं. तरी वजन हटेना, तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले, चोरून खात असणार.

एका दुपारी कावळीला ताई सामानाच्या खोलीत सापडली. दुधाची भुकटी कोरडीच चमच्याने तोंडात कोंबत होती आणि रडत होती.

“का खातेस गं?” कावळीने विचारलं.

“तू का थांबतेस?”

“पोट भरतं म्हणून.”

“भरतं म्हणजे काय होतं?”

कावळीने बराच विचार केला. तिला सांगता येईना. ती ताईशेजारी जमिनीवर बसली आणि भुकटीचा डबा संपेपर्यंत बसून राहिली. आईला दोघींनी मिळून खाल्लं असं सांगितलं.

ताईला सांगायचं राहिलेलं ते उत्तर शोधण्यात कावळीची उमेदीची वर्षं गेली. तिची प्रयोगशाळा म्हणजे तळघरातल्या तीन खोल्या. एकीत उंदरांचे पिंजरे आणि लाकडाच्या भुशाचा वास, दुसरीत मेंदूचे केसाहून पातळ काप करायचं यंत्र, तिसरीत ती, सूक्ष्मदर्शक आणि गार झालेला चहा. तिथे तिला हळूहळू उमगत गेलं. अंगातली चरबी रक्तातून मेंदूला सतत निरोप धाडत असते की साठा आहे, काळजी नको. मेंदूच्या तळाशी बदामाएवढ्या भागातल्या पेशी तो निरोप घेतात आणि पुढे कळवतात, भूक आवरा, जरा सढळ हाताने खर्च करा. ताईच्या गाठीने नेमक्या त्याच पेशी नेल्या होत्या. निरोप यायचा, पण घ्यायला कुणी नव्हतं. म्हणून एवढ्या अंगाची असूनही ताईच्या मेंदूला वाटत होतं की ही पोर उपाशी मरतेय. तो भूक लावत होता आणि पोटात गेलेला कण न् कण साठवून ठेवत होता.

हे सांगायला कावळी ताईकडे गेली. ताई तेव्हा एका मोठ्या कार्यालयात दूरध्वनी कक्षात कामाला होती. तिचा आवाज गोड. फोनवर लोक तिच्याशी उगाच दोन शब्द जास्त बोलत. प्रत्यक्ष भेटायला मात्र ती कुणाला बोलावत नसे.

सगळं ऐकून ताई म्हणाली, “म्हणजे मी हावरट नाही?”

“नाहीस. कधीच नव्हतीस.”

ताईने चष्मा काढून पुसला. “आईला तू सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला वाटेल, मी बहाणे करतेय.”

पण कारण कळलं म्हणून भूक थोडीच जाते? पहिल्या औषधाने उंदीर कमी खाऊ लागले, पण त्यांची छाती इतकी धडधडू लागली की ते बाजूला ठेवावं लागलं. मग तिने दुसरा रस्ता धरला. निरोप घेणारे गेले असले, तरी त्यांच्या पुढची फळी शाबूत होती. थेट तिलाच जागं केलं तर? ते औषध दिलेला पहिला उंदीर भांड्यात दाणे शिल्लक असताना पाठ फिरवून कोपऱ्यात गेला आणि अंगाची गुंडाळी करून झोपला. कावळी स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिली. “उपकार झाले रे बाबा,” ती म्हणाली.

माणसांवर चाचणी सुरू व्हायला पुढे बरीच वर्षं लागली. ताईने नाव नोंदवायचं म्हटल्यावर कावळीने हात झटकले. “सख्ख्या बहिणीला मी औषध देऊ शकत नाही.”

“मग दुसरं कुणी देईल. उंदराला मिळतं, मला नाही?”

शेवटी दुसऱ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासून दाखल करून घेतलं. नियम कडक होते. पहिल्या टप्प्यात रोजच्या इंजेक्शनातून काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळतंय ते कुणालाच माहीत नाही. कावळीने ताईशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असंही ठरलं. दर रविवारी ती जेवायला घरी जायची आणि ताईच्या ताटाकडे बघायचं टाळायची. ताट नेहमीसारखंच चाटूनपुसून लख्ख. दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांनाच औषध मिळू लागलं, तरी ताईने आशा सोडली होती. “मला आधीपासून खरंच औषध मिळत असणार,” ती आईला म्हणाली. “माझ्यावर चालत नाही, एवढंच.”

आणि एका दुपारी प्रयोगशाळेत फोन वाजला.

“कावळे, मला बरं वाटत नाहीये,” ताई म्हणाली.

“काय होतंय? मळमळ? ताप?”

“तसं काही नाही. कसं सांगू? ताटात भात उरलाय. आणि मला तो नकोय.”

कावळीने खुर्ची ओढली आणि बसली. “दुखतंय का काही?”

“नाही गं. उलट शांत वाटतंय. कुणीतरी कधीपासून दार वाजवत होतं आणि आत्ता थांबलं, तसं. हे काय झालंय मला?”

“ताई,” कावळी म्हणाली, “तुझं पोट भरलंय.”

पलीकडून आईचा आवाज आला. “राहू दे तो भात. झाकून ठेवते, नंतर खा.”

“नंतर,” ताई म्हणाली. त्या घरात हा शब्द ताईच्या जेवणाबद्दल इतक्या वर्षांत कुणी वापरला नव्हता.

औषधाने ताईची कातडी सावळी झाली. तो त्याचा ठरलेला गुण. “जन्मभर लोकांना तोंड दाखवायची लाज वाटली, आणि आता औषधानेच तोंड काळं केलं,” असं म्हणून ती हसायची. चाचणी संपल्यावर नोंदी उघडल्या, तेव्हा कळलं की पहिल्या टप्प्यात तिला मिठाचं पाणीच मिळालं होतं.

“इतके दिवस मी पाणी टोचून घेतलं?”

“पाणी घेणारी माणसं नसती, तर औषध खरं आहे हे आम्हाला कसं कळलं असतं?” कावळी म्हणाली. “तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.”

“मान की मग. मी ऐकतेय.”

तेव्हा कावळीने खरंच मानले. चाचणीचे मानले, आणि सामानाच्या खोलीत ताईने विचारलेल्या त्या प्रश्नाचेही. ताईला तो आठवतही नव्हता.

पुढे ताईच्या आग्रहावरून दोघी तिचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना भेटायला गेल्या. ते आता खूप म्हातारे झाले होते, ऐकायला कमी येत होतं. ताई कोण हे समजल्यावर ते म्हणाले, “गाठ पुरती निघाली होती. पण नंतर तुझे हाल झाले, असं कानावर आलं होतं.”

ताई त्यांच्या कानाशी वाकली. “डॉक्टर, तुम्ही मला जगवलंत, म्हणून तर मला भूक लागली.”

म्हातारबुवा आधी चमकले आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

औषध सगळ्यांवर चालत नाही. ताईचं वजन निम्म्याने वगैरे उतरलं नाही, पण ती आता जिना न थांबता चढते आणि ओळखीच्यांना स्वतःहून घरी बोलावते. रोज सकाळी इंजेक्शन मात्र घ्यावंच लागतं. ज्यांना काहीच गुण आला नाही, त्यांच्यात एक शाळकरी मुलगी आहे. तिच्या आईने कावळीला विचारलं, “आमच्या मुलीवर का नाही चालत हो?”

“अजून माहीत नाही,” कावळी म्हणाली. तिने त्या दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, आणि मुलीकडे वळून तिला काय काय होतं ते पहिल्यापासून विचारायला लागली.