कोलशेतला पोचेपर्यंत

माझे वडील फोनवर माझ्याशी दोनच वाक्यं बोलतात. पहिलं, "जेवलीस का?" आणि दुसरं, "थांब, आईला देतो." सगळं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचा ट्रक एकट्याने चालवल्यावर माणसाला बोलायची सवय राहत नाही, असं आईचं म्हणणं. मला ते फारसं पटत नाही, कारण आईसमोर बोलायची सवय कोणाचीच राहत नाही.

त्यामुळे रविवारी दुपारी मी ट्रक चालवायला लागले की पप्पा बोलके होतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझा ट्रक अर्थात गेममधला. कोपरच्या आमच्या घरी टीव्हीला गेमचा कन्सोल जोडलेला आहे. मी खेळते, खेळताना मराठीत बडबडते, आणि ते सगळं नेटवर लाइव्ह दाखवते. आठवडाभर ऑफिसात लोकांचं ऐकायचं आणि रविवारी बोलून घ्यायचं, असा माझा हिशेब. बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले एक कोलशेतहून पप्पा.

मी सुरुवातीला "जय भीम" म्हटलं की चॅटमध्ये लगेच त्यांचा "जय भीम" उमटायचा. मग सूचना सुरू. आरशात बघ. क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस. माझ्या हातात बटणांचा कंट्रोलर, त्यात क्लच कुठून असणार, पण मी "हो पप्पा" म्हणून पाय बाजूला घ्यायचे. ज्यांनी मला साधी स्कूटर शिकू दिली नाही, रिक्षा आहेत की म्हणाले, ते आता मला अठरा चाकं सांभाळायला शिकवत होते. मला ते फार आवडायचं.

फक्त एक घोळ होता. सुरुवातीला वेळेवर येणाऱ्या सूचना जसजसा खेळ पुढे जाईल तसतशा उशिरा यायला लागायच्या. मी घाट उतरून, गोदामात माल टाकून मोकळी झालेली असायचे, आणि तेव्हा यायचं, "उतार आहे, खालचा गिअर टाक." एकदा मी डिझेल भरायला पंपावर निवांत उभी होते तर "ब्रेक मार, ब्रेक मार." बाकीचे बघणारे चॅटमध्ये हसून लोळत होते. शेवटी जय भीम म्हणून मी लाइव्ह बंद करायचे, भांड्यांना लागायचे, आणि कढई विसळत असताना पप्पांचा जय भीम फोनवर यायचा.

हे मी नवऱ्याला सांगितलं, म्हणजे आयतं कोलीत हातात दिलं. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ वायरीत असतं अशी त्याची श्रद्धा आहे. कन्सोलचं चित्र एका छोट्या डबीतून लॅपटॉपमध्ये जातं आणि तिथून नेटवर. ती डबी त्याने लॅपटॉपला थेट जोडली, कारण आधी ती, माउस आणि एक चिमुकला पंखा एकाच जोडणीवर लटकलेले होते. मग चित्राचा दर्जा उतरवला. राउटर चपलांच्या कपाटावरून टीव्हीशेजारी आणला. टाकीत पाणी येतंय जास्त आणि जातंय कमी, म्हणून साचतंय, असं त्याने मला दोनदा समजावलं. पुढच्या रविवारी पप्पांची सूचना आली तेव्हा मी टोल ओलांडून दुसऱ्या राज्यात होते.

हे सगळं मी गमतीवारी नेलं असतं. पण त्या आठवड्यात पप्पा फोनवर तिसरं वाक्य बोलले. "तू काही ऐकत नाहीस. मी सांगायचं बंद करतो." आणि फोन आईला दिला.

पुढच्या रविवारी जय भीम आला आणि नंतर चॅट गप्प. मी मुद्दाम चुकीच्या लेनमध्ये शिरले, वळणावर वेग वाढवला, ट्रक दरीत घातला. कोलशेतहून एक अक्षर नाही. बोलायला लागलेला बाप मी परत हरवून बसणार, या विचाराने मला खरंच रडू यायला लागलं.

मग मी वायरींचा नाद सोडला आणि भिंतीवरचं घड्याळ काढून, लाइव्हमध्ये माझा चेहरा दाखवणाऱ्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर ठेवलं. शेजारी फोनवर आमचंच लाइव्ह लावलं. लाइव्हमध्ये दिसणारं घड्याळ खऱ्यापेक्षा थोडंसं मागे होतं. तासाभराने पाहिलं, तरी तेवढंच मागे. म्हणजे आमच्याकडून काही साचत नव्हतं. बिघाड नाही हे कळल्यावर एवढा हिरमुसलेला माणूस मी नवऱ्याव्यतिरिक्त पाहिलेला नाही.

म्हणून पुढच्या रविवारी ट्रक त्याच्या ताब्यात देऊन, बडबड चालू ठेव असं बजावून, मी कोलशेतला गेले. पप्पांनी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. स्वतः ताठ बसलेले. नवरा वायरींवर बोलत होता आणि ते मन लावून ऐकत होते. आतून आई म्हणाली, "अहो, कुकर बंद करा." पप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं, नवरा अर्ध्या वाक्यात थांबला. कुकर बंद करून ते आले, बोट ठेवलं, नवरा उरलेलं वाक्य बोलला. मग बेल वाजली. मग माळ्यावरचा डबा. मग कोथिंबीर आणायला खाली. प्रत्येक वेळी बोट. माझ्या फोनवर ट्रक मुक्कामाला पोचला तेव्हा पप्पांच्या फोनवर तो अजून माल भरत होता.

मी विचारलं, चालू राहू द्या ना, थांबवता कशाला?

"अगं, समोरचा बोलतोय. मधेच उठून जायचं का?" विहारात भाषण चालू असताना उठणाऱ्यांकडे ते जसे बघतात, तसे माझ्याकडे बघत म्हणाले.

मी त्यांना खालचं बटण दाखवलं. इथे दाबलं की थेट आता चाललंय तिथे. त्यांनी दाबलं, ट्रक टुणकन मुक्कामाला. खूश झाले. मग विचारात पडले.

"आणि मधलं?"

"मधलं गेलं, पप्पा."

"म्हणजे तू बोललेलं ऐकायचंच नाही?"

मला भरून आलं, आणि ओशाळायलाही झालं. मी काय बोलते ते मला ठाऊक आहे. भाजी खारट झाली, लिफ्ट बंद आहे, पुढचा टेम्पोवाला आंधळा आहे. त्यातला शब्दही कोणी पडू देत नव्हतं. ते थांबवतात तेवढे मागे पडतात आणि म्हणून त्यांच्या सूचना मला उशिरा पोचतात, हे मी त्यांना उलगडून सांगितलं.

"म्हणजे तू ऐकत होतीस," ते म्हणाले.

"ऐकत होते ना. पण तोवर दरीत गेलेली असायचे."

आईला सांगून पाहिलं, रविवारी दुपारी त्यांना उठवू नकोस. तिने ऐकून घेतलं आणि लगेच पप्पांना दळणाला पाठवलं. म्हणून आता मीच मधूनमधून ट्रक कडेला घेते आणि जाहीर करते की मी गप्प बसणार आहे, ज्याला उठायचं त्याने उठावं. आईची कामं कोलशेतला तेवढ्यात उरकतात.

गेल्या रविवारी घाटाच्या तोंडाशी ढाबा दिसला, तिथे थांबले. आता एक शब्द बोलणार नाही म्हणून सांगितलं आणि चहा आणायला उठले. पुरती उभी राहते तोच चॅटमध्ये आलं, "उठतो. हँडब्रेक लाव."

मी परत खाली बसले आणि लावला.